स्पर्धेच्या रोबोटला कोणती चाकं लावावीत? आधी जमीन, मग मोटर, मग चाक

विचारलेला प्रश्न असा: रोबोट साधारण 15 किलोचा होणार आहे. चार चाकं आणि चार मोटर, प्रत्येक मोटर 300 आरपीएमची (मिनिटाला 300 फेरे), स्टॉल टॉर्क, म्हणजे मोटर अडकून थांबते तेव्हाचा तिचा फिरवण्याचा जोर, 24 किलो-सेंटिमीटर. मैदान फोमच्या टाइल्सचं, 12 फूट बाय 12 फूट. टीममध्ये दोन तट पडले आहेत. एकाला मेकॅनम चाकं (घेरावर तिरके रोलर असलेली, रोबोटला आडवंही सरकू देणारी) हवी आहेत, कारण गेल्या वर्षीच्या विजेत्या रोबोटला ती होती. दुसऱ्याला 150 मिलिमीटरची मोठी रबरी चाकं हवी आहेत, कारण वेग वाढेल. कोणाचं ऐकावं?

ऑर्डर द्यायची घाई असेल म्हणून निष्कर्ष आधी सांगतो. या मोटरवर 150 मिलिमीटरची चाकं थेट लावू नका, 100 मिलिमीटरच्या आसपास रहा. मेकॅनम घ्यायची की नाही, हे या वर्षीच्या खेळात आडवं सरकायची गरज किती वेळा पडते आणि चालकाच्या हातात सरावाला किती आठवडे आहेत, यावर ठरवा. गेल्या वर्षीचा विजेता गेल्या वर्षीचा खेळ खेळत होता.

आता कारणं. रोबोट पुढे किती जोराने ढकलू शकतो, याला दोन मर्यादा असतात. एक मोटरची: तिचा टॉर्क चाकाच्या त्रिज्येने भागला की जमिनीवर मिळणारा जोर येतो. दुसरी जमिनीची: चाकावरचं वजन गुणिले घर्षणाचा गुणांक, त्यापलीकडे चाक जागच्या जागी फिरायला लागतं. या दोन आकड्यांपैकी जो लहान, त्याचंच चालतं. आणि माझा आग्रह असा की लहान आकडा नेहमी जमिनीचा असावा. म्हणजे समोर भिंत किंवा दुसरा रोबोट आडवा आला, तर चाक घसरलं पाहिजे, मोटर अडकता कामा नये. घसरणाऱ्या चाकाने टायर झिजतो, बस. अडकलेल्या मोटरमधून मात्र भरमसाट करंट जातो. मग मोटर तापते, फ्यूज उडतो किंवा बॅटरीचा व्होल्टेज इतका कोसळतो की कंट्रोलर सामना चालू असतानाच रीस्टार्ट होतो. ही वेळ टीमवर आली की चाकांकडे कुणाचं लक्षच जात नाही, सगळे वायरिंग तपासत बसतात.

तुमचेच आकडे घालून पाहू. 15 किलो चार चाकांवर सारखं वाटलं तर प्रत्येकी 3.75 किलो. चांगलं रबर आणि स्वच्छ फोम यांचा गुणांक हिशेबापुरता 1 धरा. 100 मिलिमीटरच्या चाकाची त्रिज्या 5 सेंटिमीटर, म्हणजे चाक घसरायला 3.75 × 5 = 18.75 किलो-सेंटिमीटर टॉर्क लागेल. मोटरकडे 24 आहे. चाक आधी घसरेल, मोटर वाचेल. पण 18.75 म्हणजे स्टॉल टॉर्कच्या 78 टक्के होतात. सेकंद-दोन सेकंदांच्या ढकलाढकलीला हे चालेल, अख्खा सामना कुणाला रेटत बसायला नाही. तेच 150 मिलिमीटरच्या चाकाला करून पहा: 3.75 × 7.5 = 28.1. मोटर 24 वरच अडकली. चाक जमिनीला घट्ट धरून बसलंय आणि मोटर जळतेय, अशी अवस्था. उलट 75 मिलिमीटरच्या चाकाला 14 च पुरतात, मोटर आरामात राहते.

वेगाचं गणित याच्या उलट दिशेने जातं. 300 आरपीएम म्हणजे सेकंदाला 5 फेरे. 100 मिलिमीटरच्या चाकाचा परीघ 31.4 सेंटिमीटर, म्हणून वेग सेकंदाला 1.57 मीटर. 150 मिलिमीटरला 2.36 मीटर, 75 मिलिमीटरला 1.18 मीटर. हे भार नसतानाचे आकडे आहेत, प्रत्यक्षात थोडे कमीच मिळतात. 2.36 ऐकायला छान वाटतं. पण तुमचं मैदान कडेपासून कडेपर्यंत साडेतीन मीटरच्या थोडं वर, त्यात तुमच्याच रोबोटची लांबी जाणार, वेग पकडायला अंतर जाणार, थांबायलाही जाणार. छोट्या मैदानावर कमाल वेग क्वचितच हाती लागतो. फायदा पटकन वेग पकडणाऱ्या आणि पटकन थांबणाऱ्या रोबोटचा होतो.

मोठ्या चाकाची खरी गरज एकाच ठिकाणी असते: अडथळा चढायचा असेल तर. आपल्या त्रिज्येएवढ्या उंच पायरीवर चाक सहसा चढू शकत नाही, आणि व्यवहारात त्याच्या बऱ्याच आधी हार मानतं. मैदानात उंबरा असेल, रॅम्प असेल, पोटाखालून एखादी पट्टी जाणार असेल, तर मोठं चाक जरूर लावा, पण मग गिअर रेशोही बदला. 150 मिलिमीटरच्या चाकाला 200 आरपीएमची जोडणी केलीत तर वेग पुन्हा 1.57 मीटरच येतो आणि टॉर्क 24 चा 36 होतो. तो वर काढलेल्या 28.1 च्या पुढे आहे, म्हणजे मोटर पुन्हा सुरक्षित. चाकाचा व्यास आणि गिअर हे एकाच निर्णयाचे दोन भाग आहेत. चाकं एका मुलाने आणि गिअर दुसऱ्याने निवडले असं होऊ देऊ नका.

गुणांक 1 धरला तो हिशेब पुढे सरकावा म्हणून. तुम्ही तो मोजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. रोबोट त्याच टाइलवर ठेवा, चाकं झिप टायने चासीला (रोबोटच्या सांगाड्याला) बांधून टाका म्हणजे फिरणार नाहीत. पुढच्या बाजूला दोरी बांधा, दोरीला ताणकाटा किंवा प्रवासी बॅगा मोजायचा लटकता काटा अडकवा आणि जमिनीला समांतर हळूहळू ओढा. रोबोट सरकायला लागला तो आकडा वाचा. 15 किलोच्या रोबोटला 12 किलोवर सरकला तर गुणांक 0.8. पाच वेळा ओढा, कारण एकेक वेळचा आकडा फसवा असतो. काटा नसेल तर एका फळीवर टाइल चिकटवा, त्यावर बांधलेल्या चाकांचा रोबोट ठेवा आणि फळी एका बाजूने उचला. 40 अंशांवर घसरला तर गुणांक त्या कोनाचा टॅन्जंट, साधारण 0.84. माझ्या टीममध्ये चाकांवर वाद सुरू झाला की मी काटा आणायला सांगतो. त्यानंतर वाद पाच मिनिटं टिकतो.

इथे दोन गैरसमज येतात. पहिला: रुंद चाक जास्त पकडतं. शाळेच्या पुस्तकातला नियम सांगतो की घर्षण वजनावर अवलंबून असतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. रबर हा नियम काटेकोर पाळत नाही, कारण ते फोममध्ये किंवा गालिच्याच्या धाग्यांत रुतून बसतं. म्हणून रुंदीने थोडा फरक पडतो, पण चाक दुप्पट रुंद केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही. दुसरा: चाराऐवजी सहा चाकं लावली की पकड वाढते. सगळं वजन आधीच मोटरच्या चाकांवर असेल तर वजन तेवढंच आहे, फक्त सहांत वाटलं गेलं. पकड कमी होते ती मात्र कॅस्टरमुळे, म्हणजे मोटर नसलेल्या, कुठेही वळणाऱ्या आधाराच्या चाकामुळे. पुढे मोकळं कॅस्टर आणि मागे मोटरची दोन चाकं असतील, तर कॅस्टरवर बसलेलं वजन ढकलण्याच्या कामी येतच नाही. लाइन फॉलोअरसारख्या (जमिनीवरच्या रेषेमागे जाणाऱ्या) हलक्या, एकट्याने धावणाऱ्या रोबोटला ते चालतं. पंधरा किलोच्या, धक्काबुक्कीच्या खेळातल्या रोबोटला नाही.

मग चार रबरी चाकं लावून मोकळं व्हावं का? इथे वळण आडवं येतं. डाव्या-उजव्या बाजूच्या वेगातल्या फरकाने वळणाऱ्या रोबोटची चारही चाकं वळताना थोडी आडवी घासत जातात. पकड जितकी चांगली, तितका हा विरोध जास्त. रोबोट रुंदीपेक्षा लांब असेल तर प्रकरण आणखी बिघडतं: तो एकसंध वळत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारत वळतो आणि मोटर गरम होतात. नवख्या टीमला हे सामन्याच्या दिवशी कळतं, कारण वर्कशॉपच्या गुळगुळीत फरशीवर सगळं सुरळीत वळत असतं. म्हणून सरावाची जमीन आणि स्पर्धेची जमीन एक हवी. निदान चार टाइल्स तरी मिळवाच.

यावर जुना, भरवशाचा उपाय म्हणजे ओम्नी चाकं. कडेला छोटे रोलर बसवलेलं हे चाक पुढे-मागे साध्या चाकासारखं पकडतं आणि आडवं मात्र सहज सरकतं. मागे दोन रबरी आणि पुढे दोन ओम्नी लावलीत की रोबोट लोण्यासारखा वळतो. पण वळणाचा मध्य मागच्या आखाच्या मधोमध जातो. रोबोटचं नाक मोठ्या वर्तुळात फिरतं, आणि चालकाला त्याची सवय करावी लागते. चारही ओम्नी लावलीत तर मध्य पुन्हा मधे येतो, पण मग बाजूने कुणी ढकललं की रोबोट बर्फावरून गेल्यासारखा वाहत जातो. म्हणून सहा चाकांची मांडणी निघाली: चार कोपऱ्यांना ओम्नी, मधे दोन रबरी. बाजूचा धक्का मधली दोन पेलतात आणि वळतानाही तीच खुंटासारखी टेकलेली असतात. दुसरा प्रकार सहाही रबरी चाकांचा. त्यात मधली जोडी सुमारे 3 मिलिमीटर खाली बसवतात, म्हणजे एका वेळी चारच चाकं टेकतात आणि टेकलेल्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अर्धं होतं. फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेच्या गालिच्याच्या मैदानावर हा प्रकार वर्षानुवर्षं चालत आला आहे. तुमच्या मऊ फोममध्ये ते 3 मिलिमीटर दबून जाण्याची शक्यता आहे, म्हणून तुम्हाला ओम्नीचा मार्गच सुचवीन.

आता मेकॅनम. 1970 च्या दशकात स्वीडनच्या बेंग्ट इलॉन या अभियंत्याने काढलेली ही कल्पना मला आजही सुंदर वाटते. चाकाच्या घेरावर 45 अंशांत तिरके रोलर. चारही चाकं पुढे फिरली की त्यांचे आडवे जोर एकमेकांना खोडतात आणि रोबोट सरळ जातो. कर्णावरची एक जोडी पुढे आणि दुसरी मागे फिरवली की पुढचे-मागचे जोर खोडले जातात आणि रोबोट आडवा सरकतो. ठरावीक जागेवर नेमकं जुळवायचं असेल, उदाहरणार्थ शेल्फच्या खणासमोर येऊन चार सेंटिमीटर डावीकडे व्हायचं असेल, तर याला तोड नाही. साध्या चाकांच्या रोबोटला त्यासाठी मागे येऊन, वळून, पुन्हा पुढे जावं लागतं.

किंमतही समजून घ्या. रोलर मोकळा फिरत असल्याने जमिनीचा जोर फक्त रोलरच्या आसाच्या दिशेने मिळतो, आणि त्याचा पुढे जाणारा भाग सुमारे 71 टक्के. म्हणजे तेच रबर, तेच वजन असताना तुमचा ढकलण्याचा कमाल जोर साधारण तीन-दशांशाने घटतो. वरच्या हिशेबात 18.75 च्या जागी 13 च्या आसपास टॉर्कलाच चाक घसरेल. मोटर निश्चिंत, पण ढकलाढकलीत तुम्ही हरणार. आडवं सरकताना रोलरांच्या घर्षणात बराच जोर जातो, त्यामुळे कागदावर सारखा दिसणारा आडवा वेग प्रत्यक्षात कमी पडतो. आणि रोलर चांगले नसतील, म्हणजे स्क्रू जास्त आवळलेले किंवा आत केस-धागे गुंतलेले असतील, तर चाक मेकॅनमसारखं वागतच नाही. चाक हातात घेऊन प्रत्येक रोलर बोटाने फिरवून पहा. टिचकी मारल्यावर तो क्षणभर फिरत राहिला पाहिजे. जो लगेच थांबतो त्याचा स्क्रू पाव फेरा सैल करा.

बसवताना एकच चूक पुन्हा पुन्हा होते. चाकं डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची येतात. रोबोटकडे वरून पाहिलंत तर चारही चाकांच्या वरच्या रोलरांच्या रेषा मिळून फुली दिसली पाहिजे, म्हणजे प्रत्येक रेषा रोबोटच्या मध्याकडे रोखलेली. उलट बसवलीत तर रोबोट पुढे जाईल, आडवाही सरकेल आणि सगळं बरोबर आहे असं वाटेल. पण जागच्या जागी वळायची त्याची ताकद जवळपास संपलेली असेल. चौरस चासीत तर पूर्णच.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, मेकॅनमला चारही चाकं जमिनीवर सारखी दाबलेली लागतात. आमच्या एका टीमचा रोबोट उजवीकडे सरकताना दर वेळी नाक डावीकडे वळवायचा. मुलांनी दोन संध्याकाळी कोडमध्ये घालवल्या. एका मोटरला 8 टक्के जास्त, दुसरीला 5 टक्के कमी, असं करत राहिली. थोडं सुधारायचं आणि बॅटरी बदलली की पुन्हा बिघडायचं. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही कागदाच्या चार पट्ट्या कापल्या आणि रोबोट उचलून प्रत्येक चाकाखाली एकेक ठेवली. मग एकेक पट्टी ओढली. तीन पट्ट्या फाटायला आल्या, निघाल्या नाहीत. पुढच्या उजव्या चाकाखालची अलगद हातात आली. ते चाक जमिनीला नुसतं टेकलं होतं, वजन घेतच नव्हतं, कारण चासी जुळवताना पिळली गेली होती. कोपऱ्यांचे बोल्ट सैल केले, चासी सपाट काचेच्या टेबलावर ठेवली, हाताने दाबून बोल्ट पुन्हा आवळले. कोडमधले ते आठ आणि पाच टक्के काढून टाकले आणि रोबोट सरळ सरकला. तुम्हीही पहिल्याच दिवशी ही पट्ट्यांची परीक्षा घ्या. बॅटरी बसवून घ्या, कारण बॅटरी एका कोपऱ्यात असेल तर वजनाचा हिशेबच बदलतो.

बाकीचे प्रकार झटपट. तीन ओम्नी चाकं 120 अंशांवर बसवलेली मांडणी हलक्या रोबोटला छान. चार ओम्नी कोपऱ्यांत 45 अंशांत तिरकी लावली तर रोबोट चाकाच्या वेगाच्या 1.41 पट पळतो, पण जोर तेवढ्याच प्रमाणात कमी. रोबोकपच्या छोट्या फुटबॉल रोबोटना ओम्नी शोभतात, कारण तिथे चेंडूमागे सगळ्या दिशांना वळायचं असतं. प्रत्येक चाकाला वळवायची वेगळी मोटर देणारी स्वर्व्ह मांडणी पूर्ण पकड आणि सगळ्या दिशा दोन्ही देते. पण चाकं वळवायला जादा मोटर लागतात आणि यांत्रिक काम, कोड दोन्ही फार वाढतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या टीमने तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

रबर किती मऊ घ्यावं? चाकावर 40ए, 60ए असे आकडे असतात, ते शोअर कठीणपणाचे. आकडा लहान तितकं रबर मऊ, पकड चांगली आणि झीज लवकर. फोमवर मधलं रबर पुरतं. गुळगुळीत कडक पृष्ठभागावर मऊ रबराचा फरक ठळक दिसतो. टायरला चिकट काही लावायचा विचार मनात आला तर आधी नियमपुस्तिका उघडा. मैदानावर डाग किंवा चिकटपणा सोडणाऱ्या गोष्टी बहुतेक स्पर्धांत बाद आहेत. धूळ पुसणं मात्र वैध आहे आणि भलतंच उपयोगी. वरची काट्याची परीक्षा धुळकट टायर आणि ओल्या फडक्याने पुसलेले टायर अशी दोनदा घ्या. नंतर मुलांना पुसायची आठवण करून द्यावी लागत नाही.

चाक कितीही चांगलं घेतलंत तरी ते शाफ्टला कसं धरलंय यावर सामना ठरतो. गोल शाफ्टवर नुसता ग्रब स्क्रू (शाफ्टवर टोक दाबून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) असेल तर तो सुटणार, प्रश्न फक्त कोणत्या सामन्यात हा आहे. डी आकाराच्या शाफ्टवर स्क्रू नेमका सपाट बाजूवर आला पाहिजे आणि त्याला थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा गोंद) लावा. त्याहून चांगला आवळून धरणारा क्लॅम्प हब (हब म्हणजे चाक शाफ्टला जोडणारा भाग), किंवा षटकोनी शाफ्ट. चाक मोटरच्या शाफ्टवर एकाच बाजूने लोंबकळत ठेवू नका. पलीकडच्या बाजूला पट्टी आणि बेअरिंग द्या. नाहीतर प्रत्येक धक्का गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जातो, शाफ्ट किंचित वाकतो आणि चाक डगमगायला लागतं.

स्वयंचलित भागात, म्हणजे चालकाविना रोबोट चालतो तेव्हा, अंतर मोजायला मोटरच्या एन्कोडरवर (फेरे मोजणाऱ्या सेन्सरवर) विसंबणार असाल तर लक्षात घ्या: चाक घसरलं की एन्कोडर खोटं बोलतो. घसरणारं चाक मी मुद्दाम मागितलंय, तेव्हा ही अडचण तुमच्या वाट्याला येणारच. वेग एकदम वाढवू नका, हळूहळू चढवा. जमलं तर मोटर नसलेलं छोटं ओम्नी चाक स्प्रिंगने जमिनीवर दाबून त्यावर वेगळा एन्कोडर बसवा. आणि व्यास डब्यावरचा वापरू नका, रबर वजनाखाली दबतं. रोबोट 3 मीटर चालवा, टेपने मोजा, आलेल्या फरकातून खरा व्यास काढा. 1 टक्क्याची चूक तीन मीटरला 3 सेंटिमीटर होते, आणि तेवढ्यात खण चुकतो.

तुमच्या वर्णनावरून माझी निवड सांगतो. आडवं जुळवायचं काम प्रत्येक फेरीत येत असेल आणि चालकाला किमान पाच-सहा आठवडे सराव मिळणार असेल, तर 100 मिलिमीटरच्या आसपासची मेकॅनम, कडक चासीवर. ढकलाढकली जास्त असेल किंवा रोबोट उशिरा तयार होणार असेल, तर त्याच मापाची मागे दोन रबरी आणि पुढे दोन ओम्नी, बॅटरी मागच्या चाकांच्या वर. दोन्ही पर्यायांत आखांमधलं अंतर सारखं ठेवा आणि हबही एकच वापरा, म्हणजे मत बदललं तर एका दुपारी चाकं बदलता येतील. जादाचं चाक हब बसवूनच पेटीत ठेवा. मेकॅनम असेल तर डावं एक, उजवं एक. रोबोट उभा राहिला की वजन आणि काट्याचा आकडा कळवा, 3.75 आणि 1 च्या जागी खरे आकडे घालून हिशेब पुन्हा करू.